येसकराच्या नातवाचा पासपोर्ट

(सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेच्या दिवसांत भरलेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे. टाळ्या तेवढ्या काढल्यात.)



बाहेर यात्रेचा भोंगा चालू आहे, त्यामुळे मागच्यांना ऐकू येणार नाही. पुढं सरका. चपला राहू द्या, कुणी नेत नाही. नेल्या तर नेऊ द्या, आजचा विषयच माणसानं कुठं जायचं आणि कुणाला विचारून जायचं हा आहे.

सकाळी घोडेबाजारातून चालत आलो. राजस्थानचा घोडा, पंजाबचा, उत्तर प्रदेशचा, काठेवाडचा. नुकरा, पंचकल्याणी, काय न् काय. लाखांत बोली चाललीय. तापी ओलांडून शेकडो मैलांवरनं घोडे येतात आणि ट्रकमध्ये त्यांच्यासाठी चारापाण्याची सोय असते. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं विचारलं, "कथा चालना भो?" म्हटलं, पासपोर्टावर भाषण द्यायला. तो म्हणाला, "घोडाले दाखला लागस. तुमले बी लागस का?" म्हटलं बाबा, घोड्याला डॉक्टरचा दाखला पुरतो, आम्हाला फौजदाराचा लागतो. आणखी एक गंमत सांगतो. मारवाडी घोडा देशाबाहेर विकायला सरकारचे कडक निर्बंध आहेत. का, तर जातिवंत रक्त बाहेर जाऊ नये. या देशात जातीची काळजी कुठंकुठं घेतली जाते बघा.

माझा आजा येसकर होता. आता शहरातल्या पोरांना येसकर माहीत नाही. गावाच्या वेशीचा दरवाजा संध्याकाळी लावायचा, पहाटे उघडायचा, कोण आला कोण गेला ते पाटलाला सांगायचं, साहेब आला की त्याचं ओझं डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत सोडायचं. म्हणजे आजचं इमिग्रेशन, कस्टम आणि हमाली सगळं एकट्या महाराकडं. आणि हा दरवाजाचा मालक राहायचा कुठं, तर दरवाजाच्या बाहेर. बरं, बाहेर राहतो म्हणून मोकळा म्हणावा तर तसंही नाही. वतनाची चाकरी चोवीस तासांची. तो घरी नसला तर बापानं जायचं, बाप नसला तर पोरानं. गाव सोडून चार दिवस सोयऱ्याकडं जायचं तर बदली माणूस द्यावा लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल आणलं ते यासाठीच. वतन शेवटी कायद्यानं गेलं ते १९५९ साली. तोवर माझा आजा म्हातारा झाला होता.

म्हणून जेव्हा कुणी मला विचारतो की परदेशी जायचं स्वातंत्र्य हा श्रीमंतांचा विषय, त्यावर आपण कशाला बोलायचं, तेव्हा मला हसू येतं. आपल्याला परदेश गावाच्या शिवेपासूनच सुरू व्हायचा.

बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींची एक छोटी वही लिहून ठेवली होती. तिला त्यांनी नाव दिलं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. १९९० मध्ये ती पुस्तिका म्हणून छापली गेली. पोरं वकिलातीच्या भानगडी वाचायला मिळतील म्हणून उघडतात. आत काय? मसूर स्टेशनवर बैलगाडी न मिळालेली पोरं. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन हाकललेला, अमेरिकेत शिकून आलेला अधिकारी. दौलताबादच्या किल्ल्यावरचं टाकं बाटलं म्हणून झालेला आरडाओरडा. आणि एक प्रसंग आपल्या खानदेशातला, चाळीसगावचा.

हा नीट ऐका. साल १९२९. बाबासाहेब सरकारी कमिटीचे मेंबर. बॅरिस्टर. न्यूयॉर्क बघितलं, लंडन बघितलं, जर्मनी बघितली. एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून चाळीसगाव स्टेशनवर उतरले. लोक हार घेऊन आलेले. महारवाडा मैल-दोन मैलांवर. स्टेशनाबाहेर टांगे उभे, पण बाबासाहेब तासभर ताटकळत उभे. मग एक टांगा आला. थोडा पुढं गेला न् मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढं नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. पाय दुखावला, बरेच दिवस अंथरुणाला खिळले. नंतर कळलं की एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्या लोकांना साहेबानं पायी यावं हे पटेना. मग तोड काढली: टांगा भाड्यानं द्यायचा, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपला माणूस लगाम धरून बसला, ज्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता.

ज्या माणसाला अटलांटिक ओलांडायला कुणी अडवलं नाही त्याला चाळीसगावची नदी ओलांडता आली नाही. या बाजारात हजारो घोडे उभे आहेत. जाताना त्यांच्याकडं बघा आणि तो घोडा आठवा.

आता ज्यांनी आपल्याला शिवेत कोंडलं, त्यांनी स्वतःच्या पायातही बेडी घातली होती हे सांगायला पाहिजे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीला कुणाला बसवू नये त्याची यादी आहे. घर जाळणारा, विष घालणारा, खोटी साक्ष देणारा, आणि त्यांच्याच रांगेत समुद्रप्रवास करणारा. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला निघाले तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वाण्यांच्या जातपंचायतीनं त्यांना वाळीत टाकलं आणि त्यांना मदत करील त्याला सव्वा रुपया दंड ठोकला. सव्वा रुपया! बहिष्काराचाही दर ठरलेला. आणि त्याच्या आधी पन्नासएक वर्षं, १८३४ पासून, आपली माणसं गिरमिटावर मॉरिशसच्या उसात जात होती. कोकणातनं कितीतरी मराठी माणसं गेली. त्यांचं काळं पाणी कुणाला बाटलं नाही, कारण त्यांना पंगतीला बसवायचा प्रश्नच नव्हता. तिथं त्यांच्या गळ्यात काय पडलं? पास. मळ्याबाहेर सापडला आणि पास नसला की कैद. १८६७ च्या कायद्यानं तर जुन्या गिरमिट्यांना फोटो लावलेला पास बाळगावा लागला. आज आपण फोटोच्या पासपोर्टाला मोठेपण मानतो. गरिबाचा फोटो सरकारनं आधी काढला तो त्याला पळू न देण्यासाठी.

आता देशाबाहेरच्या सिस्टीम बघू. १० डिसेंबर १९४८ ला युनोनं मानवी हक्कांचा जाहीरनामा केला. तेराव्या कलमात म्हटलंय की माणसाला कुठलाही देश, स्वतःचा सुद्धा, सोडता आला पाहिजे आणि परत येता आलं पाहिजे. मतदानात आठ देश तटस्थ बसले. सोव्हिएत रशिया आणि त्याचे सोबती, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आणि सौदी अरेबिया. कम्युनिस्ट, गोरे गुंड आणि सुलतान एका बाकावर. प्रत्येकाची कारणं वेगळी होती, मान्य. पण बाक एक होता.

इथं माझे डावे दोस्त कपाळाला आठ्या घालणार. घाला. अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला मांगाचा पोरगा मॉस्कोत पाहुणा म्हणून गेला. 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. त्यांना तिथं कुणी जात विचारली नाही, हे खोटं नाही आणि लहानही नाही. मी अण्णाभाऊंना नावं ठेवणार नाही. पण त्यांना जे दाखवलं नाही ते आज आपल्याला माहीत आहे. १९३२ साली त्या देशात अंतर्गत पासपोर्ट आला, शहरात राहायचं तर तो पाहिजे. सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्याला तो देतच नव्हते. १९७४ साली ठराव झाला, त्यानंतर हळूहळू द्यायला लागले. म्हणजे अण्णाभाऊ मॉस्कोत फिरत होते तेव्हा तिथला शेतकरी शहरात राहायला जायचं तर आधी परवानगी मागत होता. माझ्या आजाला ही गोष्ट एका मिनिटात कळली असती.

त्याच १९६१ च्या ऑगस्टात बर्लिनची भिंत उभी राहिली. २८ वर्षं उभी होती. किमान १४० माणसं तिच्यापायी मेली. तिच्यातली एक बारीक गोष्ट मला नेहमी टोचते. १९६४ पासून पूर्व जर्मनीनं पेन्शनरांना पश्चिमेत नातेवाइकांकडं जायला परवानगी दिली. तरुणाला नाही, म्हाताऱ्याला. तो परत नाही आला तरी सरकारचं काय गेलं? पेन्शनच वाचली. शहाद्याकडचे जुने सालदार इथं बसलेत, त्यांना विचारा. आखाजीला साल ठरलं की वर्षभर मालकाला न विचारता गाव सोडायचं नाही. आणि गुडघे गेले की मालक म्हणतो, जा बाबा, तू मोकळा. अंबरसिंग सुरतवंती, १९७२ ची श्रमिक संघटना, हे सगळं या तालुक्यात उगाच नाही झालं.

आणि अमेरिका? ती काय धुतल्या तांदळाची आहे? पॉल रोबसन हे नाव लिहून घ्या. काळा गायक, नट, जगभर नावाजलेला. १९५० साली त्याचा पासपोर्ट काढून घेतला. आठ वर्षं. कॅनडाला जायला पासपोर्ट लागत नसे, तर तिथंही सीमेवर अडवला. मग १९५२ साली तो सीमेवरच ट्रकच्या पाठीवर उभा राहिला आणि अलीकडं-पलीकडं जमलेल्या हजारो लोकांसाठी गायला. १९५७ साली लंडनच्या लोकांसाठी टेलिफोनवरून गायला. सरकारचं म्हणणं काय होतं? हा माणूस परदेशात जाऊन काळ्यांच्या हालांबद्दल बोलतो, ही आमची घरातली भानगड आहे. दु बॉईसचंही तेच. ज्याला बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून काळ्यांच्या युनोतल्या अर्जाची प्रत मागितली होती तो दु बॉईस. १९५७ साली घाना स्वतंत्र झाला, आमंत्रण आलं, आणि पासपोर्ट नाही म्हणून हा म्हातारा घरी बसला.

घरातली भानगड. हे शब्द कानात ठेवा. २००१ साली डर्बनला वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद झाली. आपली माणसं पदरमोड करून तिथं गेली आणि म्हणाली, जातीवरही बोला. भारत सरकारनं काय भूमिका घेतली? जात हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. रोबसनला जे सांगितलं तेच. फरक एवढाच की आपल्या लोकांचे पासपोर्ट काढून घेतले नाहीत. हा फरक छोटा नाही, मी तो लपवणार नाही.

तो फरक आला कुठून? १९६७ च्या आधी या देशात पासपोर्ट देण्याचा कायदाच नव्हता. सरकारची मर्जी. दिला तर दिला. सतवंतसिंग साहनी नावाचा एक व्यापारी कोर्टात गेला. १० एप्रिल १९६७ ला सुप्रीम कोर्टानं तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की परदेशी जाणं हा एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायदा केल्याशिवाय अडवता येणार नाही. सरकारनं मे महिन्यात वटहुकूम काढला, जूनमध्ये पासपोर्ट कायदा केला. पुढं जुलै १९७७ मध्ये जनता सरकारनं मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त केला आणि कारण विचारलं तर म्हणे, जनहितासाठी सांगता येत नाही. जानेवारी १९७८ चा निकाल म्हणतो की कायदा आहे एवढं पुरत नाही, त्याची पद्धतही न्याय्य पाहिजे. एक व्यापारी, एक पंतप्रधानाची सून. आपल्यातला कुणी नव्हता. पण घटना ज्यानं लिहिली त्याचं एकविसावं कलम वापरून त्यांनी जे मिळवलं ते आपण बिनदिक्कत वापरायचं. विहीर कुणी खणली हे विचारत बसायची सवय त्यांची आहे, आपली नाही.

तरीही दार अर्धंच उघडं आहे. दहावी नापास माणसाच्या पासपोर्टावर, आखाती देश धरून अठरा देशांत कामाला जायचं तर, सरकारी तपासणीची अट लागते. हेतू वाईट नाही, एजंटानं फसवू नये म्हणून ती आहे. पण जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीत कुणाला तरी वाटलं की अशा माणसांचे पासपोर्ट नारिंगी रंगाचेच करू. म्हणजे विमानतळावर लांबूनच कळावं, हा अडाणी आला. पेशवाईत गळ्यात मडकं होतं, हे खिशातलं मडकं. ओरड झाली आणि महिना संपायच्या आत बेत मागं घेतला. आखातात उतरल्यावर पुन्हा मालक पासपोर्ट काढून घेतो. कतारमध्ये मालकाच्या चिठ्ठीशिवाय मजुराला देश सोडता येत नसे. ती अट बहुतेकांसाठी २०१८ मध्ये गेली, घरकाम करणाऱ्यांसाठी २०२० मध्ये. सौदीत बायकांना पुरुषाच्या सहीशिवाय पासपोर्ट मिळायला ऑगस्ट २०१९ उजाडला. हसू नका. इथं पुढं बसलेल्या मुलींपैकी किती जणी भावाची सही न घेता शिबिराला आल्यात?

आणि तापीच्या काठावर बसून मी सुरतेबद्दल बोललो नाही तर ही नदी मला माफ करणार नाही. ही नदी इथून सुरतेला जाते आणि तिच्यामागोमाग नंदुरबारचा माणूसही जातो. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता बारडोलीकडं ऊसतोडीला. यान ब्रेमन नावाचा हॉलंडचा माणूस येऊन त्यांच्यावर पुस्तकं लिहून गेला. हॉलंडहून बारडोलीला तो सुखानं आला न् गेला. पण मुकादमाची उचल घेतलेला कोयता हंगाम संपायच्या आत घरी येऊ शकत नाही. मूल आजारी असो, आई मरो. घटनेत देशभर फिरायचा हक्क लिहिलाय. उचल फिटेपर्यंत तो हक्क मुकादमाच्या वहीत. १९७९ च्या कायद्यात प्रत्येक परप्रांतीय मजुराला ठेकेदारानं फोटोचं पासबुक द्यायचं होतं. इथं कुणी पाहिलंय ते? हात वर करा. एकही नाही. तो कायदाही २०२० च्या संहितेत विरघळला.

परवा एका कार्यकर्त्यानं मला झापलं. शिकलेली पोरं परदेशी गेली तर चळवळ कोण करणार? वस्ती सोडून पळायची वाट का दाखवतोस? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण गेलेले कितीतरी परत वळून बघत नाहीत, फक्त १४ एप्रिलला फोटो पाठवतात. पण हाच हिशेब १९७२ साली सोव्हिएत सरकारनं केला होता. देश सोडायचा तर शिक्षणाचा खर्च भरा म्हणून पदवीवर कर लावला. आपण आपल्या पोरांवर तो लावणार का? १९१३ साली बाबासाहेबांना सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर जाऊ दिलं नसतं तर? आणि सिॲटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी केली ती तिथं गेलेल्यांनीच करून घेतली. कारण तिथं पोचल्यावर त्यांना कळलं की जात व्हिसा न घेताच आपल्या आधी उतरलीय.

सरकारला मात्र आपलं जाणं कसं पाहिजे ते बघा. केंद्राची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. २०२२ साली नियम आला की भारतीय संस्कृती, इतिहास, भारतीय समाज यांवर अभ्यास करायला ती मिळणार नाही. इंजिन शिका, रसायन शिका, जातीवर परदेशात बसून लिहायचं नाही. घरातली भानगड! २०२५ च्या जुलैत निवडलेल्या १०६ पोरांपैकी पहिल्यांदा चाळीस जणांनाच पत्रं गेली, बाकीच्यांना पैसे आले तर बघू. पासपोर्ट हातात, प्रवेश हातात, आणि टांगा हाकायला कुणी नाही.

आता माझंच सांगतो आणि थांबतो. मला एका परिषदेला बोलावलं होतं. अर्ज केला. पोलीस तपासणीला शिपाई घरी आला, गल्लीचं नाव वाचूनच त्याचा आवाज बदलला. कुठल्या ठाण्याचा ते सोडा. विचारतो, तिकडं जाऊन काय बोलणार? म्हटलं, हा रकाना तुमच्या फॉर्मात आहे का? ठाण्यात बोलावलं. माझ्या नावावर जुनी मोर्चाची केस. रिपोर्ट विरोधात गेला. सात महिने हेलपाटे. परिषद होऊन गेली. नंतर एका वकिलानं शांतपणे कायदा दाखवला, तेव्हा कळलं की माझी अर्धी वणवण माझ्या अज्ञानानं झाली होती.

म्हणून हे लिहून घ्या. पासपोर्ट कायद्याच्या सहाव्या कलमात आहे: फौजदारी कोर्टात केस चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतरच्या बंदात किती पोरांवर गुन्हे लागले ते तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या कुणाची केस अजून निघत असेल. पण केस म्हणजे कायमची बंदी नव्हे. १९९३ ची एक सरकारी अधिसूचना आहे. ज्या कोर्टात केस आहे तिथं अर्ज करायचा, कोर्टानं जायची परवानगी दिली की पासपोर्ट मिळतो. नाकारला तर कारण लेखी मागायचं, त्यावर अपील करता येतं. आणि केस लपवून फॉर्म भरायचा नाही. माहिती लपवली तर बाराव्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग पहिल्या केसपेक्षा दुसरी भारी. २०१५ च्या जानेवारीत प्रिया पिल्लेला, आदिवासींच्या जंगलावर लंडनला बोलायला निघालेली बाई, दिल्लीच्या विमानतळावरून परत पाठवलं. ती कोर्टात गेली आणि दोन महिन्यांत हायकोर्टानं सरकारचा आदेश मोडला. कागद हातात होता म्हणून लढली.

उद्या सकाळी इथंच फॉर्म भरायचे आहेत. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, दहावी पास असाल तर मार्कशीट. फी पंधराशे रुपये. ती ज्याच्याकडं नाही त्यानं आज रात्री मला एकट्याला भेटायचं, चारचौघांत नाही. दाखल्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं असं ज्यांचं आहे, आणि ते निम्म्यांचं असणार, त्यांनी दोन्ही आणा. केस असेल त्यानं केस नंबर आणि कोर्टाचं नाव आणा. वकील साडेनवाला येतो म्हणालेत. म्हणजे अकरा धरा.